सामानाजवळ कोण बसणार?

मैत्रिणींनो, सहल कुठलीही असो, एक प्रश्न प्रत्येक घरात हमखास निघतो. सामानाजवळ कोण बसणार? समुद्रावर जा, धबधब्यावर जा, नदीकाठी हुरडा खायला जा. चपलांचा ढीग, घड्याळं, पाकिटं, डब्यांच्या पिशव्या आणि ओले टॉवेल ह्यांच्या मधोमध सतरंजीवर जी बसलेली दिसते ती बहुधा घरातली बाई असते. तिला पोहता येत नसतं, साडी भिजवायची नसते आणि कुणीतरी बसायला हवंच असतं. "तुम्ही जाऊन या, मी आहे इथं!" हे वाक्य आपल्या आया म्हणत आल्या, आपणही म्हणतो. त्यात कुणी जुलूम करतं असंही नाही. ते आपोआप आपल्या वाट्याला येतं, एवढंच.

आज ज्या दिवसाची हकीगत सांगणार आहे, त्या दिवशी हे वाक्य म्हणायची सोयच नव्हती. कारण ज्या जागी निघालो होतो तिथून परत त्याच जागी यायचंच नव्हतं! झाडावरच्या मचाणावरून तारेला लोंबकळत पुढच्या मचाणावर जायचं आणि दुपारी हवा भरलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून नदीबरोबर डोंगराच्या पोटातून वाहत जायचं. सामान गाडीत कुलूपबंद. काठावर बसायला काठच नाही.

हे सगळं घडलं बेलीझ नावाच्या चिमुकल्या देशात. नकाशात मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या शेजारी, कॅरिबियन समुद्राला चिकटून एक चिंचोळी पट्टी दिसेल, तोच हा देश. आपल्या महाराष्ट्राचे तेरा तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा. वस्ती जेमतेम चार लाख. पूर्वी ह्याला ब्रिटिश होंडुरास म्हणत. १९७३ मध्ये नाव बदललं आणि १९८१ च्या सप्टेंबरमध्ये तो स्वतंत्र झाला. मध्य अमेरिकेतल्या सगळ्या देशांत इंग्रजी राजभाषा असलेला हा एकच देश, त्यामुळे आपल्यासारख्यांची बोलण्यावाचून अडचण होत नाही.

आता आम्ही मध्यमवर्गीय माणसं तिथं कशी पोचलो, असं तुम्ही विचाराल. माझ्या थोरल्या नणंदबाई ह्यूस्टनला असतात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तिथून बेलीझ विमानानं अडीच तासांवर. ताई म्हणाल्या, "अगं, इथली दुकानं काय, सगळीकडे सारखीच. चला, चार दिवस जंगल बघून येऊ." ह्यांचा, माझा आणि आमच्या अकरा वर्षांच्या कन्येचा बेत असा ठरला. ताईही बरोबर होत्याच.

बेलीझ सिटीहून सकाळी सात वाजता गाडी निघाली. रस्ता सरळ पश्चिमेला जातो. वाटेत हॅटीव्हिल नावाचं गाव लागतं. १९६१ साली हॅटी नावाच्या चक्रीवादळानं बेलीझ सिटी धुऊन काढली, तेव्हा बेघर झालेल्यांसाठी हे गाव वसवलं आणि त्याला नावही वादळाचंच दिलं. पुढं राजधानीसुद्धा समुद्रापासून दूर, आत बेल्मोपानला नेली. तासाभरानं मोठा रस्ता सोडून गाडी डावीकडं वळली आणि संत्र्यांच्या बागा मागं टाकून आम्ही जंगलाच्या तोंडाशी आलो. ह्या राखीव जागेचं नाव नोहोच चेन. माया भाषेत त्याचा अर्थ मोठी विहीर. देशाच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ही जागा आहे, हे लक्षात ठेवा. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

मंगळसूत्राचं काय?

आमचा वाटाड्या चाळिशीचा, सावळा, बुटका आणि बोलका. आई क्रिओल, वडील मोपान माया. त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर आम्हां सर्वांना ओळीनं उभं करून गळे, कान आणि मनगटं बघितली! "बाई, गळ्यातलं, हातातलं, कानातलं लोंबतं काही ठेवू नका. कप्पीत अडकलं तर गळा आवळेल."

माझा हात आपसूक मंगळसूत्राकडं गेला. लग्नाला चौदा वर्षं झाली; ऑपरेशनच्या टेबलाशिवाय ते मी कधी उतरवलं नव्हतं. ताई समजुतीनं म्हणाल्या, "अगं, ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात दे की!" ह्यांना मणक्याचा त्रास असल्यामुळे तारेवर जायला मनाई होती. तेव्हा मंगळसूत्र, बांगड्या, ताईंची कुडी, दोन चष्मे, माझी ओढणी आणि कन्येची पाण्याची बाटली अशी सगळी इस्टेट मी ह्यांच्या ओंजळीत ठेवली आणि म्हटलं, "जरा सांभाळा हं!" हे झाडाखालच्या बाकावर बसले. त्यांचा तो चेहरा बघून मला हसू आवरेना. ती जागा कशी असते, ते त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

मग साज चढला. कमरेला रुंद पट्टा, दोन्ही मांड्यांना पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण, हातात जाड चामड्याचे मोजे. पट्ट्याला दोन दोऱ्या आणि त्यांना लोखंडी कड्या. मचाणावर पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही ह्या दोन कड्यांपैकी एक तरी नेहमी तारेत अडकलेली राहते. एक सोडायची तर आधी दुसरी अडकवायची. हा नियम वाटाड्या स्वतःसुद्धा मोडत नव्हता. पहिल्या मचाणावर चढल्यावर पोटात गोळा आला होता. पण त्याचे हात न चुकता प्रत्येक वेळी तेच करताना बघून मला धीर आला. आपण नाही का, गॅस बंद केला तरी रात्री पुन्हा एकदा बटण चाचपून बघतो!

तार एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडं थोडी उतरती बांधलेली असते. तारेवर कप्पी, कप्पीला आपण. बाकी काम आपल्या वजनाचं. जड माणूस जोरात जातो; हलकं मूल मध्येच रेंगाळतं, म्हणून लहान मुलांना वाटाड्या आपल्याबरोबर जोडून नेतो. थांबायचं असेल तेव्हा मोज्याचा हात कप्पीच्या मागं तारेवर दाबायचा. मागं म्हणजे मागंच. पुढं धरला तर बोटं कप्पीखाली येतील. हे त्यानं आमच्याकडून तीनदा वदवून घेतलं. शाळेत मी मुलांकडून पाढे घेते, तसं.

माझी समजूत होती की उडी मारावी लागणार. कड्यावर उभी राहून मी खाली बघितलं. झाडांचे शेंडे पायाखाली, जमीन कुठं दिसेचना. तोंडाला कोरड पडली. वाटाड्या शांतपणे म्हणाला, "उडी नाही मारायची बाई. नुसतं खाली बसायचं. झोपाळ्यावर बसता तसं."

आणि खरंच, मी बसले. माजघरातल्या बंगईवर बसावं तशी. गुडघे वर घेतले आणि पुढचं काही माझ्या हातात उरलं नाही. तारेचा सूं सूं आवाज, गालाला वारा, दोन्ही बाजूंनी हिरवे गेंद भराभर मागं पडताहेत. किंचाळले असेन, आठवत नाही. समोरच्या मचाणावर दुसऱ्या माणसानं मला झेललं तेव्हा पहिलं वाक्य तोंडातून निघालं, "पुढची तार कुठं आहे?" अशा सहा तारा झाल्या. तिसरीला मी हात जरा आधीच दाबला, तेव्हा मचाण पंधरा-वीस फुटांवर असताना थांबले. मग पाठमोरी होऊन दोन्ही हातांनी तार ओढत ओढत, विहिरीतून पोहरा काढावा तशी, स्वतःलाच ओढून नेलं. कन्येनं टाळ्या वाजवल्या. आईला टाळ्या मिळण्याचे प्रसंग फार येत नाहीत. मी त्या अगदी मन लावून ऐकून घेतल्या.

पांढऱ्या सावरीची गोष्ट

तारा संपल्यावर मंगळसूत्र पुन्हा गळ्यात घातलं, पोलक्याच्या आत नीट खोचून वर जीवरक्षक जाकीट चढवलं आणि खांद्याला ट्यूब अडकवून सगळे पायी निघालो. आता हेही बरोबर होते. गुहांपर्यंतची वाट अर्ध्यापाऊण तासाची, मध्ये नदी ओलांडावी लागते. पाणी मांडीपर्यंत आणि काचेसारखं स्वच्छ.

ह्या वाटेवर वाटाड्याच्या तोंडाला खळ नव्हता. लालसर सालीचं एक झाड दाखवून म्हणाला, "ह्याला आम्ही टूरिस्ट ट्री म्हणतो. उन्हानं लाल होतं आणि साल निघते!" एका ताडाच्या खोडावर हातभर काटे, ते टोचले तर भयंकर आग होते, पण त्याच झाडाच्या आतला गर लावला की उतरते म्हणे. त्याचं नाव 'देवघेव'. लोकांनी झाडांना नावं कशी बरोबर ठेवली आहेत!

पुढं एक अवाढव्य झाड आलं. बुंध्याला भिंतीसारखी मुळं फुटलेली. मी ओळखलं, ही आपली पांढरी सावर! शेंगांतून कापूस निघतो तीच. आपल्याकडं उशा-गाद्यांत तो कापूस भरतात. माया लोकांना मात्र हे झाड पवित्र. त्यांची कल्पना अशी की जगाच्या मधोमध एक सावर उभी आहे. तिच्या फांद्या स्वर्गात, खोड माणसांच्या जगात आणि मुळं पाताळात. त्या पाताळाचं नाव शिबाल्बा, म्हणजे भीतीची जागा. आणि गुहा म्हणजे त्या पाताळाची दारं.

वाटाड्या हसून म्हणाला, "सकाळी तुम्ही फांद्यांत होता. आता मुळांत चला."

ताईंनी विचारलं, "पण ते माया लोक तर केव्हाच नाहीसे झाले ना?" तो जरा थांबला. "नगरं ओस पडली, बाई. आम्ही कुठंही गेलो नाही. माझी आजी रोज सकाळी मक्याच्या भाकरी थापते." आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. पुस्तकात वाचलेलं असतं की अमुक संस्कृती लयाला गेली. तिची भाकरी अजून चुलीवर आहे, हे पुस्तकात नसतं.

फळ्यावरचं चित्र

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर चुनखडीच्या गुहेची आकृती काढते: वरून लोंबतात ते अधोमुखी लवणस्तंभ, खालून वाढतात ते ऊर्ध्वमुखी. मुलं विचारतात, "बाई, तुम्ही बघितलेत?" आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या लेण्या माणसांनी छिन्नीनं कोरल्या. चुनखडीला छिन्नी लागत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आंबट होतं आणि हजारो वर्षं हळूहळू दगड खात जातं. आधी भेग, मग बोळ, मग दालनं. नोहोच चेनच्या गुहा त्या नदीनं अशाच पोखरल्या आहेत.

गुहेच्या तोंडाशी ट्यूबा पाण्यावर टाकल्या. ट्यूबच्या भोकात बूड टेकवायचं, पाठ मागं, पाय पुढच्याच्या ट्यूबवर. अशी आमची आगगाडी झाली आणि वाटाड्या इंजिनासारखा पुढं पाण्यात उतरून दोर ओढू लागला. मला पोहता येत नाही, हे मी सकाळीच त्याला सांगितलं होतं. त्यानं मला आपल्या मागच्याच ट्यूबमध्ये बसवलं. तुम्हीही असंच करा, मैत्रिणींनो. पोहता येत नाही हे लपवण्यासारखं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांचीच काळजी घेता येते.

उजेड मागं मागं जात पुसला गेला. कपाळावरच्या दिव्यांच्या झोतात छत दिसू लागलं आणि मी 'अगंबाई!' म्हटलं. माझं फळ्यावरचं चित्र छतावरून लोंबत होतं! पण किती वेगळं! मी खडूनं गाजरासारखे स्तंभ काढते. इथं पडद्याच्या चुण्या होत्या, मेणबत्तीचे ओघळ होते, चाळणीतून शेव पडावी तशा नळ्या होत्या, आणि काहींच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला. त्या थेंबात विरघळलेला चुना असतो. तो थेंब पडण्याआधी अगदी कणभर चुना मागं ठेवतो आणि असे कणाकणांनी हे खांब वाढतात. हात लावू नका, असं वाटाड्या सारखं बजावत होता. आपल्या हाताचं तेल बसलं की तिथली वाढ खुंटते. "कंबर उचला!" अशी त्याची मधूनच हाळी यायची. मे महिन्यात पाणी उथळ, खालचे धोंडे बुडाला लागतात. मग आम्ही सगळे एकदम पोट वर करायचो. ह्यांची तेव्हाची त्रेधा सांगण्यासारखी नाही!

एका दालनात आमच्या पुढं एक तरुणांचा कंपू होता. आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकणं चाललं होतं. वाटाड्यानं त्यांना पुढं जाऊ दिलं, आमची आगगाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "आता सगळ्यांनी दिवे बंद करा."

एकेक दिवा गेला. मैत्रिणींनो, वीज जाते तो अंधार वेगळा. त्यात खिडकीची चौकट तरी दिसते. हा अंधार डोळे उघडे की मिटलेले, हेही कळू देत नव्हता. पाठीखालून नदी सरकत होती. कुठंतरी ठिबक, ठिबक. कन्येनं माझा हात शोधून घट्ट धरला. नेहमी मी तिचा धरते. त्या वेळी कुणी कुणाचा धरला होता, सांगता येणार नाही.

अंधारातून वाटाड्याचा आवाज आला. त्याचे पूर्वज इथं चिडाच्या लाकडाचे पलिते घेऊन यायचे. मडक्यांतून मका, कोको असे नैवेद्य आणायचे. पावसाचा देव चाक गुहेत राहतो, अशी श्रद्धा. दुष्काळ पडला की लोक अधिकाधिक खोल जात. इथून फार लांब नसलेल्या आक्तुन तुनिचिल मुक्नाल ह्या गुहेत अशी भांडी आणि माणसांचे सांगाडे अजून जागच्या जागी आहेत. तिथं एका प्रवाशाच्या हातून कॅमेरा पडून एका कवटीला भोक पडलं, तेव्हा २०१२ पासून आत कॅमेरा नेण्यालाच बंदी झाली.

"मजा करा," तो म्हणाला. "ह्याच्यावर माझं घर चालतं. पण हे आमचं देऊळ आहे, हे माहीत असू द्या."

आपल्या गाभाऱ्यात कुणी चपला घालून मोठ्यानं हसत शिरलं तर आपल्याला कसं वाटेल? म्हणून हात जोडावेत असं मनात आलं, पण एक हात लेकीच्या हातात होता. तसाच राहू दिला. दिवे लागले आणि थोड्या वेळानं पुढं हिरव्या उजेडाचा ठिपका दिसला. तो मोठा होत होत आमच्यावर ऊन पसरलं तेव्हा सगळे गप्पच होते.

बाहेर आल्यावर भूक अशी लागली म्हणता! जेवण तिथल्या रोजच्या पद्धतीचं: नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, कोंबडीचा रस्सा, तळलेलं केळं. रश्श्याचा रंग मिरचीचा नव्हे, शेंदरीच्या बियांचा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कारण राजम्यातही कधी मांस घालतात. आपल्याकडचे मजूर एकोणिसाव्या शतकात इथल्या उसाच्या मळ्यांवर आणले गेले; त्यांचे वंशज आज अस्सल बेलीझी झाले आहेत, आणि हळदीला तिथं 'पिवळं आलं' म्हणतात. कुठं कुठं पोचली बघा आपली हळद!

जायचं झालं तर

बेलीझलाच जायला हवं असं नाही. तारेवरचे खेळ आता आपल्याकडंही पुष्कळ ठिकाणी निघाले आहेत. कुठंही जा, काही गोष्टी लक्षात ठेवा.

कपडे अंगाबरोबरचे, लवकर वाळणारे. जीन्स भिजली की मणाची होते. सलवारीची नाडी आत खोचा, ओढणी नको. केसांची घट्ट वेणी घालून ती शिरस्त्राणाखाली दडपा. चष्म्याला दोरी लावा. बूट पायात घट्ट बसणारे हवेत. चप्पल नदीला अर्पण होते. तोंडाला क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्या घाला. क्रीम नदीत धुऊन जातं आणि तिथल्या माशांना ते नको असतं.

दिवस गेलेले असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर तारेवर जाऊ नका. वजनाची आणि वयाची मर्यादा आधी विचारा, त्यात लाजायचं काही नाही. बेलीझमध्ये जून ते नोव्हेंबर पावसाचे. नदी चढली की गुहा बंद ठेवतात. पैसे भरलेत म्हणून हुज्जत घालू नका. बंद ठेवणारा माणूस आपला हितचिंतक असतो. मोठी जहाजं बंदरात येतात त्या दिवशी गर्दी फार, ते दिवस टाळा किंवा सकाळी लवकर जा. आणि कड्या कोण अडकवतो, दुसऱ्यांदा तपासतो की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तपासत नसेल तर खाली उतरा, मग तो कितीही हसो.

शेवटचं सांगणं मुलींच्या आयांना. मुलीला पोहायला शिकवा. भरतनाट्यम आणि चित्रकलेच्या आधी शिकवा. जीवरक्षक जाकीट तरंगवतं, पण पाण्याची भीती काढत नाही. आमच्या गावच्या नगरपालिकेच्या तलावावर बायकांची वेळ दुपारी साडेअकराची आहे. स्वयंपाक आटोपून जाता येतं. जूनपासून आम्ही दोघी जातो. कन्या आडवा तलाव पार करते. मी अजून कठडा धरूनच पाय मारते, पण पाण्यात उतरलेली आहे. आणि पिशव्या? त्या तिथल्या बाकावर पडून असतात. अजून तरी कुणी नेलेल्या नाहीत.